तळ्याच्या गाळातला पारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऱ्याबद्दल लोक विचारतात ते बहुधा एकच: किती आहे? माझ्या मते हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा की तो कोणत्या रूपात आहे, आणि त्याच्या शेजारी कोणते जिवाणू प्राणवायू, नायट्रेट, सल्फेट यांतल्या कशावर श्वास घेताहेत. तळ्यातलं पाऱ्याचं सगळं रसायन या दोन गोष्टींभोवती फिरतं. खाली उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी अमेरिकेतलं ऑनंडागा तळं घेतलंय. कारखान्याचा पारा आणि शहराचं सांडपाणी, दोन्ही तिथे एकत्र आले आणि त्यांचा हिशोब वर्षानुवर्षं मोजून ठेवला गेला.

गाळात पारा म्हणजे चकाकणारे थेंब असतात का?

क्वचित. कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी किंवा जुन्या सोन्याच्या खाणीखाली थेंब सापडतात. एरवी गाळातला पारा डोळ्यांना दिसत नाही. तो मुख्यतः तीन रूपांत असतो. एक, कुजलेल्या पानापाचोळ्यातल्या गंधकयुक्त रेणूंना घट्ट चिकटलेला द्विसंयुजी पारा. दोन, गंधकाशी थेट जुळून झालेला मर्क्युरिक सल्फाइड. तीन, मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याच्या अणूला कार्बनचा एक छोटा गट जोडलेला. हा तिसरा प्रकार बहुतेक ठिकाणी एकूण पाऱ्याच्या एखाद्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. सगळा त्रास त्या एका टक्क्याचा.

ऑनंडागा तळं कुठे आहे? तिथे पारा आला कुठून?

न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहराला लागून. क्षेत्रफळ सुमारे १२ चौरस किलोमीटर, सगळ्यात खोल जागा २० मीटरच्या आसपास. ऑनंडागा या मूळनिवासी राष्ट्रासाठी हे तळं पवित्र आहे. परिसरात मिठाच्या पाण्याचे झरे असल्यामुळे १८८४ पासून तिथे सोडा ॲश बनू लागली आणि पुढे क्लोरीन-कॉस्टिक सोड्याचा कारखाना आला.

त्या काळातल्या पद्धतीत मिठाच्या पाण्यातून वीज सोडायची आणि ऋणाग्र म्हणून वाहता पारा वापरायचा. सोडियम पाऱ्यात विरघळून पारदमिश्रण होतं, त्यावर पाणी सोडलं की कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन मिळतो आणि पारा पुन्हा वापरायला मोकळा होतो. कागदावर पारा खर्च होतच नाही. प्रत्यक्षात गळतो, उडतो, धुण्याच्या पाण्यातून जातो. १९४६ ते १९७० या काळात अलाइड केमिकलच्या कारखान्यांतून सुमारे ७५ टन पारा या तळ्यात गेल्याचा राज्याच्या पर्यावरण खात्याचा अंदाज आहे. १९७० मध्ये तिथे मासेमारीवर बंदी आली. १९८६ मध्ये ती उठली, पण मासा पकडून परत सोडायचा या अटीवर.

भारतातल्या क्लोर-अल्कली कारखान्यांनीही पाऱ्याचे सेल सोडून मेम्ब्रेन सेल, म्हणजे पाऱ्याऐवजी पातळ पडदा वापरणारे सेल, घेतले आहेत. ही पद्धत आता इतिहासात जमा होत चाललीय, पण तिचा गाळ जिथल्या तिथे आहे.

मर्क्युरिक सल्फाइड म्हणजे हिंगूळच ना? तो तर पाण्यात विरघळत नाही. मग भीती कसली?

हिंगूळ म्हणजे मर्क्युरिक सल्फाइड हे खरं. त्याचा विद्राव्यता गुणाकार सुमारे १०⁻⁵² आहे, म्हणजे शुद्ध पाण्यात तो विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. पाठ्यपुस्तक इथे संपतं. गाळ शुद्ध पाण्याचा नसतो.

गाळात हायड्रोजन सल्फाइड वाढला की पारा त्याच्याशी जुळून विद्युतभार नसलेले, विरघळलेले छोटे रेणू बनतात. भार नसल्यामुळे ते जिवाणूच्या आवरणातून तुलनेनं सहज आत जाऊ शकतात. दुसरं म्हणजे कुजलेल्या वनस्पतींतून पाण्यात उतरलेलं चहाच्या रंगाचं सेंद्रिय द्रव्य. ते मर्क्युरिक सल्फाइडचे कण मोठे होऊच देत नाही, नॅनो आकारातच अडवून धरतं. असा ताजा, वेडावाकडा नॅनोकण आणि खाणीतला जुना, घट्ट स्फटिक यांचं सूत्र एकच असतं, पण जिवाणूंच्या दृष्टीनं पहिला उपलब्ध आणि दुसरा जवळजवळ नसल्यात जमा.

यातून एक गमतीचा विरोधाभास निघतो. थोडं सल्फेट आणि थोडा सल्फाइड असेल तर मिथाइल पारा वाढतो. सल्फाइड फार वाढला की पुन्हा कमी होतो, कारण पारा अशा रूपांत अडकतो जी जिवाणूंना आत घेता येत नाहीत. मधला पट्टा धोक्याचा. म्हणून ‘गाळाला कुजक्या अंड्यांचा वास येतो, म्हणजे मिथाइल पारा भरपूर असणार’ हा निष्कर्ष घाईचा आहे.

मिथाइल पारा कारखाना सोडतो की तळ्यात बनतो?

जपानमधल्या मिनामाटात तो थेट कारखान्यातून आला होता. ॲसिटाल्डिहाइड बनवताना उपपदार्थ म्हणून तयार झालेला मिथाइल पारा समुद्राच्या खाडीत सोडला गेला आणि १९५६ मध्ये त्यातून होणाऱ्या मिनामाटा रोगाची अधिकृत नोंद झाली. त्यामुळे बरीच वर्षं समज असा होता की साधा, असेंद्रिय पारा तळ्यात पडला तर तो तळाशी जाऊन निपचित पडतो.

स्वीडनमध्ये मात्र ज्या तळ्यांत फक्त असेंद्रिय पारा गेला होता, तिथल्या माशांत मिथाइल पारा सापडत होता. १९६९ मध्ये येन्सेन आणि यर्नेलोव्ह या दोघांनी दाखवून दिलं की गाळातले सूक्ष्मजीव हे रूपांतर स्वतः करतात. गाळ निर्जंतुक केला की ते थांबतं. पुढे १९८५ मध्ये कॉम्प्यू आणि बार्था यांनी सल्फेटवर श्वास घेणाऱ्या जिवाणूंकडे बोट दाखवलं. नंतर लोहावर जगणारे काही आणि मिथेन बनवणारे काही सूक्ष्मजीवही यादीत आले. हे सगळे प्राणवायूशिवाय जगणारे.

पण हे काम सगळेच सल्फेटवाले करत नाहीत. एक जात करते, तिची सख्खी चुलत जात करत नाही. कारण काय, हे कोडं २०१३ पर्यंत सुटलं नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या गटानं एचजीसीए आणि एचजीसीबी ही दोन जनुकं शोधली. दोन्ही असतील तर जिवाणू मिथाइल पारा बनवतो, एक जरी काढून टाकलं तरी काम बंद. यानंतर गाळातल्या डीएनएमध्ये ही जनुकं आहेत का ते बघता येऊ लागलं. एक सावधगिरी मात्र हवी: जनुक असणं म्हणजे त्या क्षणी काम चालू असणं नव्हे.

तो बनतो तसा मोडतोही का?

हो, आणि हे लोक विसरतात. गाळात काही जिवाणू मिथाइल पारा तोडतात, वरच्या पाण्यात सूर्यप्रकाशही तोडतो. मोजलेला आकडा म्हणजे बनणं वजा मोडणं, तेवढ्या क्षणाची शिल्लक. उथळ, नितळ पाण्यात ऊन हे मोठं कामाचं असतं. गढूळ पाण्यात ते वरच्या थोड्याशा थरातच संपतं.

गाळात हे सगळं नेमकं कुठे घडतं?

बहुधा वरच्या काही सेंटीमीटरांत. ॲक्रिलिकची पारदर्शक नळी तळात सरळ उतरवून गाळाचा उभा दांडा वर काढला की रंगच गोष्ट सांगतो. निरोगी तळ्यात सगळ्यात वर गंजाच्या रंगाची पातळ साय असते, कधी दोन-चार मिलिमीटरचीच. ती लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडांची. तिच्याखाली करडा पट्टा, त्याखाली काळा कुळकुळीत, मऊ, वासाचा गाळ. तो काळेपणा लोह सल्फाइडचा. नळी जरा वेळ उघडी राहिली की काळ्याची कड हवेनं तपकिरी पडायला लागते, इतकं हे सगळं नाजूक असतं.

हे थर पडतात कारण जिवाणू श्वसनासाठी जे सगळ्यात जास्त ऊर्जा देतं ते आधी वापरतात. पंगतीत आधी बासुंदी संपते आणि उशिरा आलेल्यांच्या पानात वरणभात पडतो, तसं. क्रम असा: प्राणवायू, मग नायट्रेट, मग मँगनीज, लोह, मग सल्फेट आणि शेवटी मिथेन. नायट्रेटवर मिळणारी ऊर्जा प्राणवायूच्या जवळपास असते, सल्फेटवर ती एकदम खाली येते. पाऱ्याला मिथाइल गट चिकटण्याचं काम मुख्यतः लोह-सल्फेटच्या पायरीवर चालतं.

हिवाळ्यात आणि वसंतात प्राणवायू गाळापर्यंत पोचतो, तेव्हा हा पट्टा गाळाच्या आत खाली असतो. उन्हाळ्यात तळ्याचं वरचं पाणी तापून हलकं होतं, खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही. खालचा प्राणवायू संपत जातो. नायट्रेट संपतं. ती गंजाची साय विरघळते. सल्फेटचा पट्टा गाळातून वर सरकून चक्क पाण्यात येतो आणि मिथाइल पारा तळच्या पाण्यात साठू लागतो. शरद ऋतूत तळं उलथतं, वरचं-खालचं पाणी एक होतं आणि तो साठा प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांच्या, तोंडी लागतो.

आमच्या तलावाच्या पाण्याचा रिपोर्ट ‘मर्यादेत’ आलाय. मग माशांची काळजी कशाला?

भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे १,००० नॅनोग्रॅम आहे. बाहेरच्या कारखान्याचा संबंध नसलेल्या तळ्यांत एकूण पारा लिटरला काही नॅनोग्रॅम असतो आणि मिथाइल पारा त्याचाही छोटा अंश.

समजा मिथाइल पारा लिटरला ०.१ नॅनोग्रॅम आहे. शेवाळात तो पाण्याच्या हजारो पट होतो, शेवाळ खाणाऱ्या प्लवकात आणखी वाढतो, छोट्या माशात आणखी, छोट्याला खाणाऱ्यात आणखी. मोठ्या शिकारी माशापर्यंत ही वाढ दहा लाख पटींहून पुढे जाते. पन्नास लाख पट धरली तर किलोला ०.५ मिलिग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा माशांसाठीचा निकष किलोला ०.३ मिलिग्रॅम मिथाइल पारा आहे. म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या दहा हजारांश पाणी आणि तरीही न खाण्याजोगा मासा, हे दोन्ही एकाच तळ्यात बिनधास्त नांदू शकतं. पाण्याचा रिपोर्ट पाणी पिण्याबद्दल आहे, मासे खाण्याबद्दल नाही.

गाळात पारा जास्त तिथे माशांतही जास्त, असं सरळ आहे का?

नाही. कॅलिफोर्नियातलं क्लिअर लेक बघा. त्याच्या काठावर सल्फर बँक नावाची पाऱ्याची खाण होती. १९व्या शतकात सुरू झालेलं काम अधूनमधून थांबत १९५७ पर्यंत चाललं. खाणीजवळच्या गाळात किलोला शेकडो मिलिग्रॅम पारा आहे. तुलनेसाठी, किलोला सुमारे १ मिलिग्रॅमच्या वर गेलं की तळाच्या जीवांवर परिणाम संभवतो असं उत्तर अमेरिकेतल्या एका प्रचलित निकषात धरतात.

एवढ्या पाऱ्याच्या मानानं तिथले मासे अपेक्षेपेक्षा बरेच कमी दूषित निघाले. कारणं अशी की खाणीचा पारा मोठ्या प्रमाणात हिंगुळाच्या रूपात आहे. तळं उथळ आहे, वाऱ्यानं ढवळलं जातं, त्यामुळे तळाशी प्राणवायू फार काळ संपून राहत नाही. आणि शेवाळ इतकं माजतं की जो काही मिथाइल पारा आहे तो भरपूर जैवभारात विभागला जातो. मासे जपून खाण्याचा सल्ला तिथेही आहेच.

उलट टोकाला कॅनडा आणि स्कँडिनेव्हियातली जंगलातली तळी. आसपास कारखाना नाही, गाळात पारा नगण्य, पण पाणी आम्लधर्मी, दलदलीतून येणारं तपकिरी, आणि शिकारी मासे निकषाच्या वर.

ऑनंडागात नायट्रेटचं काय प्रकरण झालं?

या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण, म्हणून जरा सविस्तर.

सिरॅक्यूज शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून याच तळ्यात सोडतात, आणि तळ्यात वर्षाला येणाऱ्या एकूण पाण्यात त्याचा वाटा पाचव्या भागाच्या आसपास आहे. पूर्वी त्यात अमोनिया भरपूर असायचा. माशांना तो विषारी, म्हणून २००४ पासून केंद्रात वर्षभर अमोनियाचं नायट्रेटमध्ये रूपांतर सुरू झालं. उद्देश फक्त अमोनिया घटवणं हा होता. पाऱ्याचा विचार कोणाच्या मनात नव्हता.

त्यानंतर दिसलं असं की उन्हाळ्यात तळच्या पाण्यात साठणारा मिथाइल पारा कमी झालाय. प्राणवायू पूर्वीसारखाच संपत होता, पण आता तळाशी नायट्रेट उरत होतं आणि ते असेपर्यंत सल्फेटची पाळी येतच नव्हती. एखाद्या वर्षी उन्हाळा संपण्याआधी नायट्रेट संपलं की मिथाइल पारा पुन्हा डोकं वर काढायचा. संशोधकांना यातून इतकी स्वच्छ सांगड मिळाली की पुढचा प्रश्न सुचणं अटळ होतं: मग आपणच नायट्रेट टाकलं तर?

२०११ पासून तसं केलं. उन्हाळ्यात तराफ्यावरून कॅल्शियम नायट्रेटचं द्रावण नळीनं तळाजवळ सोडायचं. हे द्रावण जड असतं, तसंच सोडलं तर थेट गाळावर जाऊन बसेल. म्हणून वरच्या उबदार, हलक्या पाण्यात ते अशा हिशोबानं पातळ करायचं की मिश्रणाची घनता नेमकी त्या खोलीवरच्या पाण्याइतकी व्हावी. मग ते तिथेच आडवं पसरतं. लक्ष्य होतं तळाजवळ लिटरला साधारण १ मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन टिकवायचं. तळच्या पाण्यातला मिथाइल पाऱ्याचा कमाल साठा २००९ च्या तुलनेत ९० टक्क्यांहून जास्त घटला.

यात नायट्रेट फक्त सल्फेटवाल्यांना उपाशी ठेवतं एवढंच नाही. गाळावरची ती गंजाची साय ते विरघळू देत नाही, आणि मिथाइल पारा त्या लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांना चिकटून गाळातच अडतो. कारखान्यातून आलेला सगळा पारा जागच्या जागी होता. बदललं ते त्याच्या शेजारचं श्वसन.

नायट्रेट हे स्वतःच प्रदूषण नाही का? आपल्याकडे असं करता येईल?

प्रदूषण आहे. ऑनंडागात चाललं कारण तिथे शेवाळाची वाढ नायट्रोजननं नव्हे तर फॉस्फरसनं मर्यादित होते, आणि टाकलेल्या नायट्रेटचा मोठा भाग जिवाणू नायट्रोजन वायूत बदलून हवेत सोडतात. शिवाय लोहाची साय टिकल्यामुळे गाळातून फॉस्फरसही कमी सुटतो. शेतातून आधीच खताचं पाणी उतरणाऱ्या, पिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जलाशयात डोळे झाकून हाच उपाय करणं वेडेपणाचं होईल.

गाळ उपसून टाकला की प्रश्न मिटतो ना?

कधी कधी. ऑनंडागात २०१२ ते २०१४ मध्ये सुमारे १७ लाख घनमीटर गाळ उपसला आणि २०१६ पर्यंत बऱ्याच मोठ्या भागावर वाळू, खडी व काही ठिकाणी सक्रिय कार्बन मिसळलेलं आवरण घातलं. खर्च जबाबदार कंपनीच्या वारसाकडून, म्हणजे हनीवेलकडून. खोल भागातला गाळ मात्र उपसला नाही. तिथे दर वर्षी वरून साठणारा नवा, स्वच्छ गाळच जुन्याला पुरतोय आणि मधल्या काळात नायट्रेट राखण करतंय.

उपसा निष्काळजीपणे केला तर पुरलेला जुना पारा ढवळून वर येतो. आवरणाला गाळ उकरणारे किडे, बोटींचे पंखे आणि पूर यांचा धोका असतो. अशी दोन्हीकडची बाजू तोलूनच निर्णय होतो.

‘गाळमुक्त धरण’ योजनेतून आम्ही शेतात गाळ टाकतो. त्यात पारा असेल तर?

बहुतेक धरणांचं पाणलोट शेती आणि डोंगरउताराचं असतं. तिथला गाळ म्हणजे वाहून गेलेली आपलीच माती. तिच्यात नैसर्गिक मातीइतका पारा असतो, त्यासाठी झोप उडवायचं कारण नाही. वरच्या अंगाला रासायनिक वसाहत, औष्णिक वीज केंद्राची राखेची तळी किंवा जुना क्लोर-अल्कली कारखाना असेल तर मात्र टाकण्याआधी तपासून घ्या.

कोरडवाहू शेतात गाळ पसरला की हवा लागते, मिथाइल पारा मोडतो आणि उरलेला पारा ह्युमसला, म्हणजे मातीतल्या कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याला, चिकटून बसतो. ज्वारी-तुरीला फारसा पोचत नाही. भातखाचराची गोष्ट वेगळी. साठलेलं पाणी, प्राणवायू नाही, खत-शेणाचं सेंद्रिय द्रव्य भरपूर. म्हणजे तळ्याच्या तळाचीच परिस्थिती. चीनच्या ग्वीजो प्रांतात पाऱ्याच्या खाणींच्या परिसरात भाताच्या दाण्यात मिथाइल पारा साठतो आणि तिथल्या लोकांत तो माशांपेक्षा भातातून जास्त जातो, हे दाखवलं गेलंय. संशयास्पद गाळ भातखाचरात नको, हा सल्ला मी कोकणातल्या आणि भंडारा-गोंदियाच्या वाचकांना आवर्जून देईन.

जुना गाळ इतका भरलेला असताना नवा पारा थांबवून काय फरक पडणार?

हाच प्रश्न कॅनडाच्या ऑन्टारियोतल्या प्रायोगिक तळी क्षेत्रात अख्ख्या तळ्यावर प्रयोग करून विचारला. तळं क्रमांक ६५८, सुमारे ८ हेक्टर. पाऱ्याची वेगवेगळी स्थिर समस्थानिकं (रसायन तेच, पण अणूचं वस्तुमान वेगळं) वेगवेगळ्या जागी टाकली: तळ्याच्या पाण्यात २०२ वस्तुमानाचा, भोवतालच्या जंगलात २०० चा, दलदलीत १९८ चा. पारा तोच, पण आला कुठून ते प्रयोगशाळेत वेगळं ओळखता येतं. युक्ती साधी, अंमलबजावणी प्रचंड.

टाकणं २००१ ते २००७ सात वर्षं चाललं, मग थांबवून पुढची आठ वर्षं मोजणी. पाण्यात टाकलेला नवा पारा लगेच मिथाइल होऊन जीवांत दिसू लागला. जंगलात टाकलेला जवळजवळ सगळा मातीतच राहिला, प्रयोगाच्या काळात एक टक्काही तळ्यात उतरला नाही. थांबवल्यावर खालच्या पायरीवरच्या जीवांतला खुणेचा मिथाइल पारा ९१ टक्क्यांपर्यंत घटला, मोठ्या माशांतला ३८ ते ७६ टक्के.

ताजा आलेला पारा जिवाणूंना सहज मिळतो. जुना होत जातो तसा सल्फाइडात, ह्युमसात बंद होतो. म्हणून धुराड्यावर नियंत्रण आणल्याचा परिणाम एका पिढीच्या आत दिसू शकतो.

एक थर्मामीटर फुटला की वीस एकरांचं तळं विषारी होतं म्हणतात. खरं का?

हे वाक्य फिरतं, पण उलटं होऊन फिरतं. मूळ हिशोब असा: उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातल्या तळ्यांच्या गाळावरून काढलं की औद्योगिक काळात हवेतून दर चौरस मीटरला वर्षाला सुमारे १२.५ मायक्रोग्रॅम पारा पडत होता, त्याआधी ३.७. वीस एकर म्हणजे सुमारे ८१,००० चौरस मीटर. गुणाकार केला तर वर्षाला साधारण १ ग्रॅम, म्हणजे थर्मामीटरातल्या पाऱ्याच्या आसपास. म्हणजे दर वर्षी पावसातून, धुळीतून अख्ख्या तळ्यावर एवढाच पारा पडूनही काही तळ्यांतले मासे निकषाबाहेर जातात, एवढंच ते वाक्य सांगतं. काठावर फुटलेल्या एका थर्मामीटरचा थेंब तळाशी धातूरूपात बराच काळ पडून राहील. तरी तो तळ्यात टाकू नका, हे वेगळं सांगायला नको.

थर्मामीटरवरून आठवलं, कोडाईकनालचं काय?

तमिळनाडूतल्या कोडाईकनालचा तो थर्मामीटर कारखाना १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउनहून उचलून आणलेला होता. ऑनंडागापासून वॉटरटाउन सुमारे ११० किलोमीटर. पुढे तो हिंदुस्थान लिव्हरकडे आला आणि भंगारात पारा लागलेली काच सापडल्यावर २००१ मध्ये बंद झाला. २००३ मध्ये पाऱ्यानं दूषित सुमारे २९० टन साहित्य अमेरिकेला परत पाठवलं गेलं.

रसायनाच्या बाजूनं लक्षात घ्यायचं ते असं की कारखान्याच्या आवारातलं पाणी उतरतं पांबार शोला या डोंगरी जंगलाच्या दिशेनं. गावातल्या प्रसिद्ध तळ्याकडे पारा पोचायचा मार्ग मुख्यतः हवेचा. धातूरूप पाऱ्याची वाफ हवेत ऑक्सिडीकृत होऊन धुळीबरोबर, धुक्याबरोबर खाली बसते. हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेनं तळ्याचं पाणी, गाळ आणि मासे तपासून त्यात पारा, काही अंशी मिथाइल रूपातला, असल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध केलं. आवारातली माती किलोला २० मिलिग्रॅमपर्यंत स्वच्छ केली की पुरे, या निकषावर मोठा वाद झाला. मला तो वाद रास्त वाटतो. धुवांधार पावसाच्या, तीव्र उताराच्या, ह्युमसनं भरलेल्या शोलाच्या डोक्यावर बसलेल्या जागेला सपाट औद्योगिक भूखंडाचा मापदंड लावणं पटत नाही.

जलपर्णीचा याच्याशी संबंध आहे का?

आहे, आणि तो आपल्याकडे दुर्लक्षित आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तापाजोस नदीच्या पूरतळ्यांत तरंगत्या वनस्पतींच्या मुळांच्या झुबक्यांत गाळापेक्षाही जास्त वेगानं मिथाइल पारा बनताना आढळला. मुळांत अडकलेला चिखल, कुजकं द्रव्य, प्राणवायूचा तुटवडा आणि वर सल्फेटवर जगणारे जिवाणू, सगळं पृष्ठभागाला लागूनच. सांडपाण्यावर पोसलेली आपली जलपर्णी शिवाय तळ्याचा श्वास कोंडते, म्हणजे खालचा प्राणवायूही लवकर संपतो. पारा मुळात असेल तरच हे लागू.

मग मासे खायचे की नाही?

खायचे. कोणता मासा, हे महत्त्वाचं. रोहू, कटला, मृगळ हे प्लवक, शेवाळ, कुजकं द्रव्य खाणारे आणि झटपट वाढणारे, म्हणजे साखळीच्या खालच्या पायरीवरचे. मरळ, वाम, शिंगाळा हे शिकारी. एकाच जलाशयात दुसऱ्या गटात पारा जास्त असण्याची शक्यता असते, आणि त्यातही वयानं मोठ्या माशात.

जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीची मर्यादा आहे शरीराच्या दर किलोमागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल पारा. साठ किलोच्या माणसाला ९६ मायक्रोग्रॅम. मासा किलोला ०.५ मिलिग्रॅमचा असेल तर आठवड्याला १९० ग्रॅमच्या आसपास. ही मर्यादा गर्भातल्या बाळाचा मेंदू डोळ्यांसमोर ठेवून घातलेली आहे, म्हणून गरोदर बाईनं जास्त काटेकोर राहावं.

चांगला तळून, कातडी काढून, लिंबू लावून?

उपयोग नाही. मिथाइल पारा चरबीत नसतो, मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. तळल्यानं पाणी जातं आणि ग्रॅममागचं प्रमाण उलट किंचित वाढतं.

गाळाचा नमुना तपासायला द्यायचा तर काय मागावं? बाजारातलं किट चालेल का?

किट चालणार नाही. त्याची संवेदनशीलता या कामाच्या आसपासही नसते.

प्रयोगशाळेकडे एकूण पारा आणि मिथाइल पारा, दोन्ही कोरड्या वजनावर मागा. सोबत सेंद्रिय कार्बन, सल्फाइड, आणि तळाजवळच्या पाण्याचा प्राणवायू, नायट्रेट, सल्फेट, सामू. नमुना कोणत्या महिन्यात आणि किती खोलीवर घेतला ते लिहून ठेवा. पावसाळ्यानंतर ढवळलेल्या तळ्यातला नमुना आणि मे महिन्यातला नमुना यांची तुलना करू नका. हातमोजे घाला, नमुना घेणारा एक आणि बाटली हाताळणारा दुसरा, अशी दोन माणसं लागतात. नळीतला गाळ वरून सेंटीमीटर-सेंटीमीटरनं कापून, हवा न शिरू देता, लगेच गोठवायचा. उन्हात वाळवून पिशवीत भरून दिलेल्या गाळात एकूण पाऱ्याचा अंदाज मिळेल, मिथाइल पाऱ्याचा आकडा मात्र त्या पिशवीचा असेल, तळ्याचा नसेल.